अकाली फुटलेले पंख

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी जालना जिल्ह्यातल्या एका गावी रेशीम उत्पादक शेतकऱ्यांच्या भेटी घेत होतो. एका शेडच्या दारात १४ वर्षांचा मुलगा उभा होता. ओठावर नुकती कोठे लव आलेली. अंगात वडिलांचा सदरा, बाह्या दोनदा दुमडलेल्या. वडील कोठे आहेत असे विचारले, तर म्हणाला, "गेले साहेब, मागच्या उन्हाळ्यात. आता मीच बघतो सगळं."

शेड स्वच्छ होती. चुना टाकलेला, रॅकवर फांद्या नीट मांडलेल्या. पण मुलगा काळजीत होता. "साहेब, पाला तीन दिवसांचाच उरलाय आणि अळ्यांना अजून पाच दिवस लागतील. त्यांना लवकर कोषावर आणायचं औषध मिळतं म्हणे. देऊ का?"

असे औषध आहे. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेने वनस्पतीपासून काढलेले 'संपूर्णा' हे संप्रेरक त्यासाठीच आहे. काही अळ्या पिकू लागल्या की ते पाल्यावर फवारून देतात, म्हणजे सगळ्या अळ्या एकदमच चंद्रिकेवर चढतात. पाला कमी पडला तर थोडे आधीही देता येते. मी त्याला म्हणालो, "देता येईल रे, पण खाण्याचे जेवढे दिवस कमी, तेवढा कोष हलका भरेल. हे लक्षात ठेव."

"हलका तर हलका साहेब. आता दुसरा इलाज नाही."

"आणि शाळा?"

"नववीत होतो. सोडली."

मी वहीत नोंद केली आणि पुढच्या शेडकडे गेलो. रात्री मुक्कामाच्या गावी अंथरुणावर पडलो तेव्हा ध्यानात आले, की अळीविषयी जो इशारा मी त्या मुलाला दिला, तोच त्या मुलाविषयी त्याच्या आईला द्यायला हवा होता. तो मी दिला नाही. हा लेख त्या चुकीपोटी लिहीत आहे.

अळीपण कशासाठी?

रेशीमकिडा अंड्यातून निघतो तेव्हा केसाएवढा बारीक असतो. पुढे २४ ते २८ दिवसांत तो चार वेळा कात टाकतो आणि त्याचे वजन सुमारे दहा हजार पट होते. सगळ्या आयुष्यात तो जेवढा पाला खातो, त्यातला ८० टक्क्यांहून अधिक पाला एकट्या पाचव्या अवस्थेत खातो. मग कोष, कोषात पाकोळी आणि शेवटी पतंग.

हा पतंग काय खातो? काहीच नाही. त्याला खाण्याजोगे तोंडच नसते. मादी ४०० ते ५०० अंडी घालते आणि चार-आठ दिवसांत मरते. अंड्यांना लागणारे सत्त्व, कोषाचे रेशीम, पतंगाची ताकद, सगळे अळीने खाल्लेल्या पाल्यातून आलेले असते. अळीपणी जे साठवले नाही ते पुढे कधीच मिळत नाही.

यात कीटकसृष्टीचा एक कायदा दिसतो. पूर्ण पंख फुटल्यावर कीटक वाढत नाही. घरात बारीक माशी दिसली की पोरे म्हणतात, हे माशीचे पिल्लू. ते पिल्लू नव्हे. ती एकतर वेगळ्या जातीची पूर्ण वाढलेली माशी असते, नाहीतर अळीपणी उपाशी राहून खुरटलेली माशी असते. आता तिला कितीही गूळ चारला तरी ती मोठी होणार नाही.

लहानपणाचा राखणदार

अळीने किती दिवस अळी राहायचे, हे कोण ठरवते? तिच्या शरीरात मुख्यतः दोन संप्रेरके असतात. संप्रेरक म्हणजे शरीरातच तयार होऊन रक्तावाटे हुकूम पोचवणारा रस. एक संप्रेरक सांगते, "कात टाक." दुसरे सांगते, "कात टाक, पण अजून लहानच राहा." हे दुसरे संप्रेरक मेंदूच्या मागे असलेल्या दोन बारीक ग्रंथींतून येते. त्याला आपण बाल्यसंप्रेरक म्हणू. अळीचे पोट भरले, वजन पुरेसे झाले, की हा राखणदार बाजूला होतो आणि पुढच्या कातीला अळीचा कोष होतो.

इंग्लंडमधील कीटकशास्त्रज्ञ व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी १९३०च्या दशकात दक्षिण अमेरिकेतल्या रक्तपित्या ढेकणावर प्रयोग करून ही गोष्ट उघड केली. हा ढेकूण पाच पायऱ्या चढून प्रौढ होतो. त्यांनी पहिल्या पायरीवरचे चिमुकले पिल्लू, प्रौढ होऊ घातलेल्या ढेकणाला असे जोडले की दोघांचे रक्त एक झाले. पिल्लाने मधल्या सगळ्या पायऱ्या गाळल्या आणि ते एकदम प्रौढाच्या रूपात आले. रूप प्रौढाचे, अंग मात्र चिमणे. पुढे १९३८ साली फ्रान्समधील बूनियोल यांनी रेशीमकिड्याच्या कोवळ्या अळ्यांमधील त्या दोन ग्रंथी काढून टाकल्या. अळ्या वाढ अर्धवट टाकून कोषात गेल्या. त्यांचे कोष अगदी बारके निघाले.

म्हणजे राखणदार हटवला तर लहान जीवही मोठ्याचे रूप घेतो. पण रूप मोठ्याचे घेतले म्हणून तो मोठा होत नाही.

ओसाडीचा धडा

आपल्याकडे पावसाळ्यात बांधावर ओसाडी नावाचे तण उगवते. केसाळ पाने, उग्र वास आणि पांढरट-जांभळ्या फुलांचे झुबके. मूळची मेक्सिकोकडची, निळ्या फुलांची तिची एक बहीण बागेत लावतात. १९७६ साली अमेरिकेतील विल्यम बॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बागेतल्या झाडातून दोन द्रव्ये वेगळी काढली. ढेकणांच्या कुळातल्या किड्यांच्या पिल्लांना ती लागताच बाल्यसंप्रेरकाची ग्रंथीच बंद पडली. पिल्ले एक-दोन पायऱ्या गाळून प्रौढ झाली. बुटकी, पंख नीट न भरलेली. मादीच्या अंडाशयाची वाढच झाली नाही, म्हणून ती वांझ राहिली. या द्रव्यांना त्यांनी प्रीकोसीन हे नाव दिले. आपल्या ओसाडीतही ही द्रव्ये आहेत.

वनस्पतीची युक्ती बघा. तिने किडीला मारले नाही. फक्त वेळेआधी मोठे केले, आणि तेवढ्याने त्या किडीचा वंश खुंटला.

मात्र या बातमीवरून ओसाडीचा रस काढून कपाशीवर फवारायला जाऊ नका. प्रीकोसीनचा पतंगवर्गीय अळ्यांवर फारसा परिणाम होत नाही आणि सस्तन प्राण्यांच्या यकृताला ते घातक आहे. म्हणूनच त्याचे शेतीचे औषध झाले नाही.

उलट दिशेची औषधे मात्र बाजारात आली. कपाशीवरील पांढऱ्या माशीसाठी वापरले जाणारे पायरीप्रॉक्सीफेन हे बाल्यसंप्रेरकाची नक्कल करते आणि किडीला नीट प्रौढ होऊ देत नाही. तुती लावणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की अशा औषधाचा शिंतोडा वाऱ्याने तुतीवर आला तर रेशीमकिडे नुसते खात राहतात आणि कोष करत नाहीत. वेळेआधी मोठे होणे वाईट, तसे वेळ झाली तरी मोठे न होणेही वाईट. प्रश्न वेळेचा आहे.

पोळ्यातली घाई

तिसरे उदाहरण मधमाशीचे. पेटीतली कामकरी माशी जन्मल्यावर साधारण तीन आठवडे घरातच राबते. आधी साफसफाई, मग पिलांना भरवणे, मग मेण आणि दारावरची राखण. त्यानंतर ती मकरंद आणायला बाहेर पडते. बाहेरचे काम सर्वांत जोखमीचे, म्हणून ते सर्वांत शेवटी.

पण बाहेर गेलेल्या जाणत्या माश्या परतल्याच नाहीत तर? आपण सूर्यफूल किंवा तूर ऐन फुलोऱ्यात असताना भर दिवसा फवारणी करतो तेव्हा हेच घडते. मग आठवड्याभराच्या कोवळ्या माश्या घरातले काम सोडून रानात जातात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म खूणपट्ट्या चिकटवून त्यांच्या फेऱ्या मोजल्या होत्या. लवकर बाहेर पडलेल्या माश्यांच्या फेऱ्या कमी भरल्या, आणि पहिल्या काही फेऱ्यांतच मरणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्यात जास्त निघाले. त्या मेल्या की त्यांच्याहून कोवळ्यांना जावे लागते. असे करता करता वसाहतच बसते.

या माश्यांचा दोष काय? काहीच नाही. घरातले मोठे गेले आणि त्यांनी ती जागा घेतली, एवढेच.

आता आपली लेकरे

माणूस म्हणजे किडा नव्हे. आपल्या वयात येण्याची किल्ली मेंदूत असते, कीटकांची संप्रेरके आपल्यात नसतात. तरी एक गोष्ट सारखी आहे. वयात आणणारी संप्रेरकेच पुढे हाडांची टोके जुळवून उंचीची वाढ थांबवतात. म्हणून फार लवकर वयात आलेले मूल आधी वर्गात सर्वांत उंच दिसते आणि शेवटी बुटके राहते. मुलीमध्ये ८ वर्षांच्या आत किंवा मुलामध्ये ९ वर्षांच्या आत वयात येण्याची चिन्हे दिसली, तर बालरोगतज्ज्ञाला दाखवावे. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय कळते आणि गरज असेल तर उपचारही आहे. यात लाजण्यासारखे काही नाही.

सभेत बायका हमखास विचारतात, दुधातल्या इंजेक्शनामुळे पोरी लवकर वयात येतात का? म्हशीला पान्हा सोडायला चोरून टोचतात ते ऑक्सिटोसिन वयात आणणारे संप्रेरक नव्हे, आणि पोटात गेले तरी ते पचनात मोडते. ते टोचणे हा जनावरावर अत्याचार आहे आणि पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय बेकायदाही आहे, म्हणून ते बंद करा. ब्रॉयलर कोंबडी लवकर वाढते ती निवडक पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. मुलींमध्ये लठ्ठपणाचा मात्र लवकर वयात येण्याशी संबंध आढळतो.

एकोणिसाव्या शतकात युरोपात मुलींना पाळी १६-१७व्या वर्षी येई. चांगले अन्न मिळू लागल्यावर ती १३च्या आसपास येऊ लागली. आपल्याकडेही आजीपेक्षा नात लवकर वयात येते. शरीर लवकर खूण दाखवते, पण कमरेच्या हाडांची वाढ त्यानंतरही काही वर्षे चालू असते आणि विचार करून निर्णय घेणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो.

आपण मात्र पाळी आली की म्हणतो, "पोरगी शहाणी झाली." शहाणपण असे एका दिवसात येते का?

हे शेतीत आपल्याला नीट कळते. आंब्याच्या कलमाला पहिल्या तीन-चार वर्षांत मोहोर आला तर आपण तो खुडून टाकतो, आधी झाड पोसू देतो. संकरित कालवड वर्षाच्या आसपास माजावर येते, पण वजन अडीचशे किलोच्या घरात गेल्याशिवाय जाणता शेतकरी तिला भरवत नाही. लेकराच्या गोष्टीत कलम-कालवड कशाला आणता, असे म्हणून रागावू नका. कलमाला जेवढा वेळ देतो, तेवढा तरी लेकराला द्यावा, इतकेच म्हणणे आहे.

मुलीच्या लग्नाचे किमान वय १९२९च्या शारदा कायद्याने १४ वर्षे ठरवले. १९७८च्या दुरुस्तीने ते १८ झाले. २००६ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा नव्याने आला. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचे लग्न १८च्या आत झालेले होते. परभणी आणि बीड जिल्ह्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होते.

कारणे मी जवळून पाहिली आहेत. ऊसतोडीला आई-बाप गेले की वयात आलेली मुलगी घरी कोणाच्या भरवशावर ठेवायची? मुकादम उचल देतो ती जोडप्याला, म्हणजे एका कोयत्याला. पोराचे लग्न केले की घरात आणखी एक कोयता तयार होतो. आई-बाप दुष्ट नसतात. त्यांचा पाला तीन दिवसांचाच उरलेला असतो. पण १६ वर्षांच्या मुलीच्या अंगावर बाळंतपण टाकले तर हलकी भरते ती आई आणि हलके भरते ते बाळही. जगभरात १५ ते १९ वयाच्या मुलींच्या मृत्यूच्या मुख्य कारणांत गरोदरपण आणि बाळंतपणातला बिघाड आजही आहे.

माझा दादा

मुलांचे अकाली मोठेपण मी आमच्याच घरात पाहिले. वडील वारले तेव्हा मी पाचवीत होतो आणि दादा आठवीत. पंधरा दिवसांत दादाने औत धरले. भावकीच्या बैठकीत त्याला बोलावू लागले. त्याचे सवंगडी विटीदांडू खेळताना म्हणायचे, "तू नको बाबा, तू आता मोठा माणूस." दादाला त्याचा अभिमान वाटायचा. गावही कौतुक करायचे, "पोरगं लवकर जाणतं झालं." दादाच्या कष्टावर मी शिकलो, कृषी पदवीधर झालो आणि सरकारी नोकरीत लागलो.

आज माझ्याहून तीनच वर्षांनी मोठा असलेला दादा माझा काका वाटतो. गुडघे गेले, कंबर वाकली. बँकेचा कागद आला की तो अजून माझ्याकडे पाठवतो. एकदा मी विचारले, "दादा, तुला शाळा सुटल्याचं कधी वाईट वाटलं का रे?" बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "वाईट वाटायला सवड कुठं होती? आणि तुम्ही कुणी विचारलंही नाही."

खरेच, आम्ही कोणी विचारले नाही. कारण त्याचे लवकर मोठे होणे आम्हा सगळ्यांच्या सोयीचे होते.

हातभार आणि भार

शेतकऱ्याच्या मुलाने शेतात पाऊलच टाकू नये, असे मी म्हणत नाही. शाळेतून आल्यावर गाय बांधणे, पाला आणणे, हिशेब लिहिणे यातून मूल शिकते. तो हातभार. पण घर चालले पाहिजे ही चिंता त्याच्या डोक्यावर आली, की तो भार. घरात वडीलधारे माणूस गेले किंवा अंथरुणाला खिळले, तर पुढील गोष्टी कराव्यात.

१. मोठ्याचा भार मोठ्यांत वाटा. भावकी, शेजारी, बचत गट यांनी एक हंगाम सावडीने काम केले तर एका मुलाची शाळा वाचते.

२. कामाचा पसारा माणसे बघून कमी करा. उत्पन्न एक वर्ष घटेल, पण ते पुढे भरून काढता येते.

३. आईच्या हाती कसब द्या. प्रशिक्षणाला मुलाऐवजी आईला पाठवा आणि खाते-उतारा तिच्या नावे करून घ्या.

४. आई किंवा वडील गमावलेल्या मुलांसाठी राज्य शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करा.

५. शाळा सुटून वर्षे लोटली असली तरी १७ नंबरचा अर्ज भरून दहावीला बाहेरून बसता येते.

६. गावात बालविवाह ठरत असेल तर ग्रामसेवकांना, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, कळवा. बालविवाह रोखण्याची जबाबदारी कायद्याने त्यांच्यावर आहे. १०९८ या क्रमांकावरही फोन करता येतो.

त्या मुक्कामानंतर दुसऱ्याच दिवशी मी परत त्या शेडवर गेलो. मुलाची आई पाला कापत होती. मी म्हणालो, "ताई, काल मी तुमच्या अळ्यांचं बोललो, तुमच्या मुलाचं बोलायचं राहिलं." त्या विळा खाली ठेवून बांधावर बसल्या. पुष्कळ वेळ बोललो. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, त्यालाच आवड आहे." मुलगा फांद्यांचा भारा बांधत होता, त्याने मान वर केली नाही.

सोपे काही झाले नाही. शंभर अंडीपुंजांची बॅच त्यांनी पन्नासावर आणली. त्या वर्षी उसने पैसे काढावे लागले. ताई तालुक्याला रेशीम प्रशिक्षणाला जाऊन आल्या. शेजारच्या शेडवाल्याने दोन वेळा पाला दिला. यंदा जूनमध्ये मी गेलो तेव्हा शेडच्या दारात ताई उभ्या होत्या आणि अळ्या कितव्या कातीला आहेत हे त्यांनीच सांगितले.

मुलगा संध्याकाळी साडेपाचला आला. पाठीवर दप्तर, पुन्हा नववीचा वर्ग. बरोबरीच्या मुलांहून वर्षाने मागे पडल्याची त्याला लाज वाटत होती. मी त्याला म्हणालो, "अरे, कोषात गेलेल्या किड्याला परत अळी होता येत नाही. तुला येतं."

तो हसला. मग दप्तर टाकून, आईने हाक मारायच्या आत, पोरांकडे खेळायला पळाला.